विवराच्या काठावर राहू, की पुण्याची गाडी धरू?

पत्र थोडक्यात असं : लोणारजवळच्या एका गावातला २७ वर्षांचा तरुण. इतिहास घेऊन बी.ए. झालाय. चार वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी दैत्यसूदन मंदिर आणि विवर पाहायला येणाऱ्यांना सोबत फिरवतो, गटामागे दोन-तीनशे रुपये मिळतात. वडील ५५ वर्षांचे. ठेकेदारामार्फत स्मारकावर पहारेकरी म्हणून त्यांना नऊ वर्षं झाली. ठेकेदार मात्र तिसरा. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात सोयाबीन-तूर. मंदिराजवळ वडिलोपार्जित प्लॉट आहे. तिथं कर्ज काढून चार खोल्या बांधायच्या आणि बायकोनं त्या चालवायच्या, असा बेत आहे. वडील म्हणतात, थांब, माझी जागा तुलाच मिळेल. मेहुणा चाकणच्या गोदामात आहे, तो म्हणतो, ये इकडं. आणि पत्रलेखकाच्या मनातली धास्ती अशी : "पाव्हणे आता मोबाईलवर सगळं पाहूनच येतात. 'आम्हाला माहीत आहे दादा' म्हणून पुढं जातात. उद्या मोबाईलच गाईड होईल. मग आम्ही कशाला?"

तुमच्या पत्राचा निम्मा भाग मोबाईलवर खर्च झालाय आणि वडिलांच्या नोकरीवर दोन ओळी. आम्ही उलट्या क्रमानं जातो, कारण वडिलांच्या बाबतीत वेळ हातातून निसटतोय.

वडिलांच्या पगारातून १२ टक्के पीएफ कापला जातो आणि तेवढीच भर मालकाच्या बाजूनं पडायला हवी. मालकाच्या त्या हिश्शातले ८.३३ टक्के, १५ हजारांपर्यंतच्या पगारावर, पेन्शनच्या खात्यात जातात. एकूण सेवा दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन सुरू होते. रक्कम मोठी नसते, पण मरेपर्यंत येते आणि नंतर बायकोला मिळते. तुमचे वडील नऊ वर्षांवर आहेत. पण ही नऊ वर्षं त्यांनी मोजलेली आहेत. पीएफच्या खात्यात किती मोजली गेलीत, हे आजच उमंग अ‍ॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर पासबुक उघडून बघा.

गडबड ठरलेल्या ठिकाणीच होते. नवा ठेकेदार जुना यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ नंबर, विचारत नाही, नवाच काढतो. मग एका माणसाची सेवा दोन-तीन नंबरांत तुटते. असं असेल तर जुनी खाती आत्ताच्या यूएएनमध्ये वर्ग करायचा अर्ज ऑनलाइन होतो. आधारवर नाव 'पांडुरंग' आणि पीएफमध्ये 'पांडू' असेल, किंवा जन्मतारखेत फरक असेल, तर तो अर्ज अडतो. म्हणून नावाची दुरुस्ती आधी करा. जुन्या ठेकेदारानं काम सोडल्याची तारीखच भरलेली नसते, तीही एक अडचण. शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले असतील तर ती तारीख कामगाराला स्वतः भरता येते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र घरचीच माणसं करतात. ठेकेदार बदलला, हाताशी पेरणी किंवा पोरीचं लग्न आलं, की पीएफ काढला जातो. दहा वर्षांच्या आत १०-सी फॉर्म भरून पेन्शनची रक्कमही काढून घेतली, की तिथपर्यंतची सेवा शून्य होते. वडिलांनी मधे कधी असे पैसे काढलेत का, हे विचारा. रागावून नाही, नीट बसून. काढले नसतील तर पुढचं एक वर्ष त्या फॉर्मला हात लावू देऊ नका. पासबुकात काही महिने कोरे दिसले, तर पगार जमा झालेल्या बँकखात्याचा उतारा, हजेरीचे फोटो, गेटपास, जे असेल ते जोडून पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ठेकेदारानं भरणा चुकवला तर ज्याच्यासाठी काम चाललंय त्या मूळ नियोक्त्यावर जबाबदारी येते. तेव्हा तक्रारीत स्मारकाचं आणि खात्याचं नाव लिहायला कचरू नका.

आणि 'माझी जागा तुला' हे. ठेक्यावरच्या जागेला वारस नसतो. अनुकंपा नियुक्ती असते ती नियमित सरकारी कर्मचारी सेवेत असताना वारला तर. ठेकेदार ओळखीनं तुम्हाला ठेवेलही, पण निविदा संपली की ओळखही संपते. पहाऱ्याचं काम काही पूर्ण जाणार नाही. भिंतीवर नाव कोरणारा पोरगा कॅमेऱ्यात दिसतो खरा, पण त्याचा हात धरायला माणूसच लागतो. (संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्या पोराला सांगायलाही माणूसच लागतो.) तिकीट खिडकीवरची माणसं मात्र कमी होत जातील. केंद्राच्या तिकिटाच्या स्मारकांवर मोबाईलवरून तिकीट काढलं की पाच रुपये कमी लागतात, त्यावरून वारा कुठं वाहतोय ते कळतं. या कामात तुमचं भवितव्य बांधू नका.

आता प्लॉट. तुम्ही लिहिलंय, 'मंदिराच्या भिंतीपासून पावलांनी मोजलं तर सव्वाशे मीटर भरतं, म्हणजे शंभराच्या बाहेर.' इथं तुम्ही कर्जात बुडू शकता. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पण हे अंतर मंदिराच्या भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. ती हद्द भिंतीच्या बरीच बाहेर असू शकते. समजा ती ४० मीटर पुढं असेल, तर तुमचे सव्वाशे मीटर ८५ वर येतात आणि प्लॉट प्रतिबंधित क्षेत्रात पडतो. तिथं नवं बांधकाम होतच नाही. पत्र्याचं शेडसुद्धा उभारणीतच मोडतं. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊन. 'सगळ्यांनीच बांधलंय' हे कारण चालत नाही. लोणारच्या संवर्धनाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं वर्षानुवर्षं आहे. अशा गावात अतिक्रमण आज ना उद्या कागदावर येतंच.

म्हणून आधी भूमी अभिलेखची मोजणी भरा. पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन संरक्षित हद्दीचा नकाशा मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. प्लॉट १०० च्या बाहेर आणि ३०० च्या आत निघाला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं ना-हरकतीसाठी अर्ज करायचा. त्यासोबत मालकीचा उतारा, जागेचा नकाशा आणि बांधकामाचा आराखडा लागतो. आराखड्यातली उंची स्लॅबपर्यंत लिहून लोक फसतात. जिन्याची खोली आणि वरची पाण्याची टाकी धरून उंची लिहायची असते. विवर अभयारण्यात आहे, तेव्हा वनविभागाकडंही चौकशी करा. नगरपरिषदेची परवानगी त्यानंतर. ही ना-हरकत हातात येईपर्यंत बँकेत कशावरही सही करू नका. बिल्डरची माणसं 'तुम्ही सुरू करा, कागद होतील' म्हणतात. हप्ता मात्र तुमच्या नावावर सुरू होतो.

पण मुळात चार खोल्या हव्यातच कशाला? समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. मेहकरला उतरलं की लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. रस्ता चांगला झाला की गाड्या वाढतात, पण सकाळी निघून रात्री घरी पोचणं जमत असेल तर मुक्कामाला कोण राहतं? शेगाव, सिंदखेडराजा, लोणार एका दमात उरकून माणूस संध्याकाळी परत. मुक्काम करतो तो ज्याला विवरात पहाटे उतरायचंय : पक्षी पाहणारे, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, फोटोवाले. त्यांना मार्बलच्या फरशीची हौस नसते. गावातल्या तुमच्या राहत्या घरात, ३०० मीटरच्या बाहेर, दोन खोल्या नीट करा. स्वतंत्र संडास-न्हाणी हवीच. प्रत्येक पलंगामागं चादरींचे तीन जोड ठेवा. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात दोन जोडांत भागत नाही. राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करा. जेवण द्यायचं असेल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते.  ज्वारीची भाकर, ठेचा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि रोडगे. पनीरच्या भाज्या पुण्या-नागपुरात मिळतात, त्यासाठी इथं कोणी येत नाही.

तुमच्या पत्रात 'बायकोनं चालवायच्या' असं आलंय. तिला विचारलंय का, हे आलेलं नाही. घर, पाहुणे आणि वावर तिन्ही तिच्याच अंगावर पडणार असेल तर हिशेब वेगळा होतो. ती तयार असेल तर मात्र नोंदणी, खातं आणि सही तिचीच ठेवा. राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज अटींसह परत मिळतं. नाव तिचं आणि धंदा तुमचा असं करायला जाल तर कागदपत्रांच्या तपासणीत अडकाल, आणि घरातही.

आता तुमचा मोबाईल.

तुम्ही धरून चाललाय की पाहुणा माहितीसाठी पैसे देतो. ती तर तो घरून घेऊन येतो, आणि बऱ्याचदा चुकीची. ते बरंच आहे, तुम्हाला सुरुवात करायला जागा मिळते. विवराचं वय घ्या. एक व्हिडिओ ५२ हजार वर्षं सांगतो, दुसरा पावणेसहा लाख. पाहुण्यांची आपसात बाचाबाची होते. तुम्ही सांगा : पहिला आकडा खडकातून तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीतून आला, दुसरा, ५ लाख ७० हजारांच्या आसपासचा, आर्गॉन वायूच्या मोजणीतून आणि नंतर आला. दोन मिनिटांत माणूस तुमच्याकडं वळतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा चमत्काराच्या कथा फिरल्या. पाणी आटलं, खार वाढला आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासूनही तेच सांगितलं. लोणारच्या नावामागची लवणासुराची कथा सांगाच, पण ती कथा म्हणून सांगा आणि हे शास्त्र म्हणून. दोन्ही एका पातेल्यात ढवळू नका.

त्याहून पुढचं काम हातानं करून दाखवायचं आहे. तळ्याचं पाणी खारं, अल्कधर्मी, पीएच दहाच्या घरात. हा आकडा ऐकून कोणालाच काही होत नाही. हळद दाखवा. शाळेच्या प्रयोगशाळेतला गाळणकागद घ्या, नसेल तर पांढरा टीपकागद. छोटा चमचा हळद पन्नास मिलिलिटर स्पिरिटमध्ये कालवा. पाण्यात नको, हळद पाण्यात नीट उतरत नाही. कागद त्यात भिजवून सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून डबीत ठेवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. काठावर ड्रॉपरनं तळ्याचा एक थेंब पट्टीवर सोडला की पिवळं तांबडं होतं. पदरावरचा हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल होतो, हे गटातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. ती स्वतःच बोलते, 'अगं बाई, साबणासारखं!' तुम्ही फक्त हो म्हणायचं. मग वर येऊन काठावरच्या गोमुखातून पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या धारेचा थेंब दुसऱ्या पट्टीवर टाका. ती पिवळीच राहते. एकाच विवरात दोन पाणी, आणि ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

काठच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात. चुंबक आधी कागदात गुंडाळा, म्हणजे कागद काढला की कण तिथंच गळून पडतात. नाहीतर चुंबक कायमचं केसाळ होतं. वाळू तिथंच ठेवायची. 'उल्केचा दगड' मागणारे रोज भेटतील, पैसेही देतील. एक खडा विकलात की अभयारण्यातून वस्तू नेल्याचा गुन्हा तुमच्यावर आणि चार वर्षांचं नाव मातीत.

दैत्यसूदनात मंडपाचं छत अंधारात असतं. पाहुणे आत शिरतात, मोबाईलचा दिवा सरळ वर मारतात, सगळं सपाट दिसतं, बाहेर पडतात. त्यांना आधी दोन मिनिटं नुसतं उभं करा, डोळे सरावू द्या. मग साधी बॅटरी खांबाच्या बाजूनं, तिरपी धरा. सावली पडली की कोरीवकाम उठून येतं. मे महिन्याच्या मध्यात सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोचतात. तेव्हाची गर्दी वेगळी असते, त्या दिवसांत दर्शनाच्या रांगेत गाइडगिरी करू नये.

पण हे सगळं करण्याआधी एक कागद. १९५९ च्या नियमांत स्पष्ट आहे : संरक्षित स्मारकात पैसे घेऊन कोणाला फिरवायचं असेल तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. म्हणजे मंदिराच्या आवारात चार वर्षं तुम्ही जे करताय ते आज नियमबाह्य आहे. कोणी अडवलं नाही, कारण वडील पहाऱ्यावर आहेत. हीच गोष्ट उद्या त्यांच्यावर शेकेल. तोवर आवाराच्या बाहेर बोला, आत नुसते सोबत चला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो करा. प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, पण अर्जाला वजन येतं. लोणारला तीन मालक आहेत हेही ध्यानात ठेवा : संरक्षित मंदिरं पुरातत्त्व खात्याची, विवर आणि तळं वनविभागाचं, रस्ते-दिवे नगरपरिषदेचे. मंदिराचा परवाना खिशात घालून विवरात उतरलात तर वनरक्षक परत पाठवील आणि त्याचं बरोबर असेल.

खाली उतरताना एका माणसामागं बारा-पंधराहून जास्त लोक घेऊ नका. पुढं तुम्ही आणि मागं दुसरा कोणी. उतरताना आणि चढून आल्यावर मोजणी करा. माणशी दीड लिटर पाणी वरच तपासा. खाली गेल्यावर 'बाटली गाडीत राहिली' हे ठरलेलं. अत्तर मारून आलेल्यांना आग्या मोहोळाची कल्पना द्या आणि मोहोळ दिसलं तर तिथं बोलणं, दगड मारणं, धूर, सगळं बंद. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना काठावरूनच दाखवा. उतरणं सोपं वाटतं, पण तेवढं चढून यायचं असतं. मार्च ते जून सकाळी साडेसहाला सुरुवात करून नऊच्या आत वर या. पुढची वर्षं आणखी तापतील, तेव्हा 'दुपारी दोनला पोचतोय' म्हणणाऱ्या गटाला नाही म्हणायची सवय आत्तापासून लावा.

उरला पैशाचा हिशेब. जुलै ते फेब्रुवारी आठ महिने. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या धरून साधारण ८० दिवस. दिवसाला दोन फेऱ्या, फेरीला ६०० रुपये. ९६ हजार झाले, म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला आठ हजार. याच्यावर घर चालत नाही. खोटा धीर द्यायचा नाहीये. हे अर्ध्या पोटाचं काम आहे. उरलेलं अर्धं वावर, दोन खोल्या आणि शाळांच्या सहली. सहलींचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. मुख्याध्यापक ठरवतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा दिवाळीनंतर फोन करून उपयोग नाही. बुलडाणा, वाशिम, जालना, अकोला इथल्या शाळांना एका पानावर दर, वेळ, काय दाखवणार, स्वच्छतागृह कुठं, जेवायला बसायची सावली कुठं, एवढं लिहून पाठवा. शेवटच्या दोन गोष्टींवरच बाई होकार देतात. दर माणशी नको, बसमागं ठेवा. सोमवार ते शुक्रवारचे तुमचे रिकामे दिवस यातच भरतील.

चाकणला जाणं म्हणजे हरणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. गोदामातला पगार दरमहा येतो, पण खोलीभाडं, खानावळ आणि ये-जा वजा करून मेहुण्याच्या हातात किती उरतं ते त्यालाच नीट विचारा. सणाला गावी येतो तेव्हाचं ऐकू नका, महिन्याच्या २५ तारखेला फोन करून विचारा. ती रक्कम आठ हजार आणि वावरापेक्षा खूप जास्त असेल, घरात दुखणं किंवा देणं असेल, तर बिनधास्त जा. या फेब्रुवारीपर्यंत मात्र एक हंगाम परवान्यानिशी, वहीत रोजची जमा लिहून करून बघा. आजवर तुम्ही ती लिहिलेली नाही, म्हणून चार वर्षांत किती मिळालं हे पत्रातही सांगता आलं नाही.

या आठवड्यात पासबुक आणि मोजणीचा अर्ज, एवढी दोनच कामं करा. हद्दीचा नकाशा हातात आला की तो घेऊन पुन्हा लिहा, मग खोल्यांचं बोलू.